जॉर्ज मायकल विरुद्ध सोनी : दर वेळी सुधारलेला करार आणि दर वेळी घट्ट बसलेली गाठ

21 जून 1994 रोजी लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती जोनाथन पार्कर यांनी एका खटल्याचा निकाल दिला. सुनावणी 75 दिवस चालली होती आणि निकालपत्र अडीचशे पानांच्या वर गेलं होतं. वादीचं कागदोपत्री नाव होतं जॉर्जिओस किरियाकोस पानायिओटू. जग त्याला पॉप गायक जॉर्ज मायकल म्हणून ओळखत होतं. सोनी म्युझिकशी असलेल्या करारातून मला मोकळं करा, एवढीच त्याची मागणी होती. तो एकूण एक मुद्द्यावर हरला.

ही गोष्ट सहसा दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एकीत तो कोट्यधीश, लाडावलेला स्टार असतो आणि दुसरीत बलाढ्य कंपनीशी एकटा झुंजणारा कलावंत. दोन्हींत थोडं थोडं खरं आहे, पण तो हरला का, हे दोन्हींतून कळत नाही. निकाल आणि त्यामागचा घटनाक्रम शेजारी ठेवून पाहिला की मला वेगळंच दिसतं. त्याने आपल्या यशाच्या जोरावर दर वेळी करार सुधारून घेतला, आणि दर सुधारणेबरोबर त्यातून बाहेर पडण्याची वाट अरुंद होत गेली. न्यायालयात उभा राहिला तेव्हा त्याच्या विरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे त्याने स्वतःच मिळवलेल्या चांगल्या अटी होत्या.

पाचशे पौंडांवरची सही

जॉर्जचा जन्म 25 जून 1963 चा, उत्तर लंडनमधला. वडील सायप्रसहून आलेले ग्रीक, रेस्टॉरंटच्या धंद्यात वर आलेले. आई इंग्लिश. पुढे कुटुंब लंडनबाहेर हर्टफर्डशरमध्ये राहायला गेलं आणि तिथल्या बुशी मीड्स शाळेत त्याला अँड्र्यू रिजली भेटला. चष्मा लावणारा, जाडसर, स्वतःच्या रूपाबद्दल कायम साशंक असलेला जॉर्ज आणि आत्मविश्वासाने चालणारा अँड्र्यू ही जोडी म्हणजेच वॅम हा पॉप गट.

1982 मध्ये त्यांनी इनरव्हिजन नावाच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला. ती चालवणारा मार्क डीन त्यांच्याहून फार मोठा नव्हता. कंपनीला पैसा सीबीएस या बड्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा होता आणि सीबीएसने इनरव्हिजनला घातलेल्या अटीच कडक असल्यामुळे खालच्या पायरीवर कलावंतांसाठी फारसं काही उरत नव्हतं. दोघांना आगाऊ रक्कम मिळाली प्रत्येकी 500 पौंड. रॉयल्टीचा दर तुटपुंजा, आणि बारा इंची सिंगलवर तर रॉयल्टीच नाही. हा तपशील किरकोळ वाटेल, पण तो काळ डिस्को आणि क्लबांचा होता. नाचायला लांबवलेली आवृत्ती याच मोठ्या तबकडीवर निघायची आणि वॅमसारख्या नाचऱ्या संगीताच्या जोडीचा खप तिच्यावर बराच अवलंबून होता. करार अनेक अल्बमांचा होता आणि पुढचे अल्बम मागायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क कंपनीकडे होता.

अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी असा कागद समोर आला की बहुतेक मुलं सही करतात. मागे फिरून कॉन्ट्रॅक्ट नीट वाचायला सांगणं सोपं आहे. ज्याला आजवर कुणी दारात उभं केलेलं नाही, त्याला ते दार सोडवत नाही.

पहिला अल्बम ‘फँटॅस्टिक’ 1983 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. गाणी वाजत होती, पोस्टर्स विकली जात होती, पण हाती येणारा पैसा त्या मानाने नगण्य होता. त्याच वर्षी दोघांनी करार झुगारला. इनरव्हिजन न्यायालयात गेली, काही महिने वॅमचं नवं गाणं निघू शकलं नाही, आणि मधल्या काळात कंपनीने त्यांच्या मर्जीविरुद्ध जुन्या गाण्यांची जोडणी करून एक सिंगल बाजारात आणली. शेवटी 1984 च्या वसंतात तडजोड झाली. इनरव्हिजन बाजूला झाली आणि वॅम थेट सीबीएसच्या एपिक लेबलवर आलं. अटी आधीपेक्षा पुष्कळ चांगल्या होत्या. वीस वर्षांचा जॉर्ज त्या दिवशी जिंकला होता, आणि तसं त्याला वाटलंही असणार.

याच तडजोडीचा कागद दहा वर्षांनी न्यायमूर्ती पार्कर यांच्या टेबलावर आला.

1988 : यशाच्या शिखरावरची दुसरी सही

पुढची चार वर्षं वेगाची होती. ‘मेक इट बिग’, ‘केअरलेस व्हिस्पर’, 1985 मध्ये चीनचा दौरा, जून 1986 मध्ये वेम्ब्ली स्टेडियमवर निरोपाचा कार्यक्रम. मग 1987 मध्ये ‘फेथ’. हा अल्बम जवळजवळ सगळाच त्याने स्वतः लिहिला, बांधला, निर्माण केला, त्यातली बरीचशी वाद्यंही स्वतः वाजवली. अमेरिकेत त्यातली चार गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. अल्बमला 1989 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. जगभरातला खप पुढे दोन कोटींच्या पार गेला. किशोरवयीन मुलींचा लाडका म्हणून ज्याची हेटाळणी व्हायची तो चोविसाव्या वर्षी जगातल्या सर्वाधिक खपाच्या गायकांपैकी एक झाला होता.

अशा वेळी कलावंताचे सल्लागार एक गोष्ट हमखास करतात. ते कंपनीकडे जातात आणि करार पुन्हा उघडायला लावतात. कंपनीही तयार होते, कारण तिला हा माणूस हातचा जाऊ द्यायचा नसतो. जानेवारी 1988 मध्ये जॉर्जचा नवा करार झाला. रॉयल्टी वाढली, आगाऊ रकमा मोठ्या झाल्या. बदल्यात कंपनीला मिळाले जास्त अल्बम आणि जास्त वर्षं : एकूण आठ अल्बम, कमाल मुदत 15 वर्षं. ध्वनिमुद्रणांची मालकी कंपनीची, जगभर आणि कायमची. प्रत्येक अल्बमनंतर पुढचा घ्यायचा की नाही हा पर्याय कंपनीचा. गायकाला मात्र असा पर्याय नाही. त्याला दुसरीकडे गाता येणार नाही आणि राजीनामाही देता येणार नाही.

त्याच महिन्यात सोनी कॉर्पोरेशनने सीबीएस रेकॉर्ड्सचा ताबा घेतला. सौदा होता 2 अब्ज डॉलरचा. टीव्ही, टेपरेकॉर्डर आणि वॉकमन बनवणाऱ्या कंपनीला आपल्या यंत्रांवर वाजवायला स्वतःचं संगीत हवं होतं. जॉर्जचा करार त्या खरेदीबरोबर नव्या मालकाकडे गेला, कारण करार हस्तांतरित करण्याची मुभा कंपनीला होती. आपण ज्या माणसांशी हात मिळवले ती वेगळी आणि आता ज्यांच्याकडे आपली पुढची पंधरा वर्षं आहेत ती वेगळी, ही त्याची पुढची सर्वांत मोठी सल होती. मला ही सल पूर्णपणे रास्त वाटते. गायक आणि कंपनी यांच्यात जे काही चालतं ते बरंचसं दोन-चार माणसांच्या विश्वासावर चालतं. सीबीएस रेकॉर्ड्सचा प्रमुख वॉल्टर येटनिकॉफ हा जॉर्जचा पाठीराखा होता. सप्टेंबर 1990 मध्ये तो पदावरून गेला, नेमका जॉर्जचा पुढचा अल्बम बाजारात आला तेव्हा.

चेहरा न दाखवण्याचा हट्ट

‘लिसन विदाउट प्रेज्युडिस, खंड 1’ हा तो अल्बम. या टप्प्यावर थांबायला हवं, कारण भांडणाचं खरं मूळ पैशात नसून इथे आहे.

‘फेथ’च्या वेळी दाढीचे खुंट, गॉगल, लेदर जॅकेट, फाटकी जीन्स अशी एक प्रतिमा बनली होती. जगभराच्या दौऱ्यात तो या प्रतिमेला विटला. नव्या अल्बमसाठी त्याने ठरवलं की आपण मुखपृष्ठावर येणार नाही, व्हिडिओत दिसणार नाही, फारशा मुलाखती देणार नाही. मुखपृष्ठावर आलं वीजी या छायाचित्रकाराने 1940 मध्ये टिपलेलं कोनी आयलंडच्या किनाऱ्यावरच्या गर्दीचं छायाचित्र. ‘फ्रीडम 90’च्या व्हिडिओत त्याच्याऐवजी नाओमी कॅम्बेल, लिंडा इव्हान्जेलिस्टा, सिंडी क्रॉफर्ड, क्रिस्टी टर्लिंग्टन आणि तात्याना पॅटिट्झ ओठ हलवतात. दिग्दर्शक होता डेव्हिड फिंचर. जुनं लेदर जॅकेट त्या व्हिडिओत जळताना दिसतं आणि ज्यूकबॉक्स फुटतो.

एमटीव्हीच्या भर जमान्यात हे करणं म्हणजे कंपनीच्या विक्री विभागाच्या हातातलं मुख्य साधन काढून घेणं होतं. ब्रिटनमध्ये अल्बम उत्तम चालला. अमेरिकेत मात्र तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत जाऊन उतरला आणि ‘फेथ’च्या खपाच्या आसपासही गेला नाही. जॉर्जचं म्हणणं असं की आपण कंपनीला हवी तशी प्रतिमा द्यायचं नाकारलं म्हणून अमेरिकेतल्या सोनीने अल्बमच्या प्रचारातून हात आखडता घेतला. कंपनीचं म्हणणं असं की गायकच पुढे येत नसेल तर विकायचं काय आणि कसं? न्यायालयात जॉर्जचा हा आरोप त्याच्या उपयोगी पडला नाही.

तरी मी एक सांगतो. तो अल्बम आज ऐकला तर त्यात नुसता हट्ट ऐकू येत नाही. ‘प्रेइंग फॉर टाइम’मधली काळोखी, ‘काउबॉइज अँड एंजल्स’मधला जॅझचा हिंदोळा, हे सत्ताविसाव्या वर्षी आपला श्रोता बदलू पाहणाऱ्या गायकाचं काम आहे. त्याला वय वाढवायचं होतं. कंपनीकडे मात्र एका विशिष्ट वयाचा जॉर्ज मायकल होता आणि तो चांगला खपत होता.

या अल्बमचा दुसरा खंड आलाच नाही. त्यासाठीची तीन गाणी त्याने एड्ससाठी निधी उभारणाऱ्या ‘रेड हॉट अँड डान्स’ या संग्रहाला देऊन टाकली. ऑक्टोबर 1992 मध्ये त्याने सोनीविरुद्ध दावा लावला.

त्या वर्षी एप्रिलमध्ये तो वेम्ब्लीवर, एड्सने गेलेला क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात गायला होता. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडीचं ‘समबडी टू लव्ह’ क्वीनच्या साथीने त्याने ज्या ताकदीने पेललं, ते पाहून क्वीनला नवा गायक मिळाला अशा वावड्या उठल्या. गर्दीत कुणालाच ठाऊक नव्हतं की त्याचा जोडीदार, ब्राझीलचा अन्सेल्मो फेलेप्पा, त्याच आजाराशी झगडतो आहे. मार्च 1993 मध्ये अन्सेल्मो गेला. जॉर्जने आपलं समलिंगी असणं तोवर जाहीर केलं नव्हतं, त्यामुळे हे दुःख उघडपणे कुठे मांडायची सोय नव्हती. खटल्यात त्याचा जो त्वेष दिसला त्यातला काही भाग या शोकाचा होता, असं पुढे त्याच्याच बोलण्यातून आलं. कायद्याच्या पुस्तकात या गोष्टीला जागा नाही, पण तडजोडीच्या टेबलावर बसायला तो इतका काळ का तयार झाला नाही, हे याशिवाय समजत नाही.

न्यायालयात नेमकं काय विचारलं गेलं

सुनावणी ऑक्टोबर 1993 मध्ये सुरू झाली. जॉर्जच्या वतीने मार्क क्रॅन, सोनीच्या वतीने गॉर्डन पोलॉक, दोघेही मोठे वकील. जॉर्ज स्वतः साक्षीला उभा राहिला.

त्याच्या दाव्याचे दोन पाय होते. पहिला इंग्लंडच्या जुन्या न्यायतत्त्वाचा : व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्यावर अवाजवी बंधन घालणारा करार न्यायालय राबवून देणार नाही. दुसरा युरोपीय कायद्याचा : रोमच्या तहातलं कलम 85, जे स्पर्धेला बाधा आणणाऱ्या करारांना मनाई करतं.

पहिल्या मुद्द्याला चांगली वंशावळ होती. 1966 मध्ये टोनी मॅकॉले नावाच्या एकवीस वर्षांच्या अनोळखी गीतकाराने एका प्रकाशन कंपनीशी करार केला होता. पाच वर्षं त्याने लिहिलेलं सगळं कंपनीचं, यश मिळालं तर मुदत आपोआप दहा वर्षं, आणि कंपनीवर एकही गाणं प्रसिद्ध करण्याचं बंधन नाही. 1974 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो करार फेकून दिला. लॉर्ड डिप्लॉक यांनी तिथे महत्त्वाचा प्रश्न पुढे आणला : जबरदस्त पक्षाने आपल्या ताकदीचा वापर करून दुबळ्याकडून अन्याय्य अटी वदवून घेतल्या का? याच वाटेने 1988 मध्ये ‘फ्रँकी गोज टू हॉलिवूड’चा गायक हॉली जॉन्सन झेडटीटी लेबलच्या करारातून सुटला आणि अपिलातही टिकला. 1991 मध्ये मँचेस्टरच्या स्टोन रोझेसनी सिल्व्हरटोनच्या तावडीतून सुटका करून घेतली. म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या इंग्लिश पॉप गायकांसाठी न्यायालयाचं दार बंद नव्हतं. जॉर्जच्या वकिलांनी दावा लावला तो या विश्वासावर.

पण या तिन्ही प्रकरणांत एक गोष्ट समान होती. सही करताना ते सगळे कुणीच नव्हते. पहिला करार, पहिली सही, आणि समोर मुरलेली कंपनी. 1988 मधला जॉर्ज मायकल तसा नव्हता. त्याच्या बाजूला टोनी रसेल हे संगीत व्यवसायातले जाणते सॉलिसिटर बसलेले होते. वाटाघाटी त्याने मागितल्या होत्या. त्याच्या हातात ‘फेथ’ होता.

न्यायमूर्ती पार्कर यांनी तर याच्याही एक पायरी मागे जाऊन निकाल दिला. त्यांचं म्हणणं असं : 1988 चा करार हा 1984 च्या कराराची सुधारलेली आवृत्ती आहे. 1984 चा करार स्वतः एका खऱ्याखुऱ्या वादावरची तडजोड होता, आणि त्या वादात वॅमचा मुद्दा हाच होता की इनरव्हिजनचा करार अन्याय्य आहे. असे वाद न्यायालयाबाहेर मिटावेत यात समाजाचं हित आहे. मिटलेला वाद पुन्हा उकरण्याची मुभा दिली तर उद्या कोणतीही तडजोड टिकणार नाही. म्हणून या कराराला व्यवसायबंधनाचं तत्त्व लावता येत नाही.

यापुढे त्यांनी आणखी दोन कड्या लावल्या. ते तत्त्व लागू केलं तरी करार वाजवी आहे, कारण बंधनं मोठी असली तरी मोबदलाही मोठा आहे आणि नव्या कलावंतांवर पैसा लावणाऱ्या व्यवसायाला मोजक्या यशस्वी गायकांवरच उभं राहावं लागतं. आणि तक्रार असूनही जॉर्जने 1992 मध्ये कंपनीकडून आगाऊ रक्कम मागून घेतली, म्हणजे करार त्याने मान्य केला. युरोपीय कायद्याचा मुद्दाही त्यांनी फेटाळला. पहिलं दार उघडलं असतं तरी दुसरं लागलेलं होतं आणि त्यापलीकडे तिसरंही होतं.

कायद्याच्या चौकटीत मला हा निकाल चुकीचा वाटत नाही. तडजोडीचं पावित्र्य राखणं हे न्यायालयाचं काम आहेच. पण निकालातल्या ‘वाजवी’ या कसोटीशी मात्र माझं पटत नाही. मोबदला मोठा असला की बंधन वाजवी ठरतं, या हिशेबात बंधनाची लांबी पैशाने भरून निघते असं धरलेलं आहे. चोविसाव्या वर्षी घातलेली गाठ एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत. मधल्या काळात मालक बदलतो, पाठीराखा जातो, गायकाचा आवाज आणि आवड बदलते. रॉयल्टीचा दर कितीही वाढवला तरी यातलं काही सावरत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कायद्याने वैयक्तिक सेवेचा करार सात वर्षांपलीकडे राबवता येत नाही, मग मोबदला कितीही असो. अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅव्हिलंडने वॉर्नर ब्रदर्सविरुद्ध 1940 च्या दशकात लढून तो कायदा कलावंतांच्या हाती दिला. तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांनी 1987 मध्ये त्याला अपवाद करून घेतला हेही खरं, पण मुदतीकडे मुदत म्हणून पाहण्याची दृष्टी तरी त्या कायद्यात आहे. इंग्लंडमध्ये तसं काही नव्हतं.

आपल्याकडचे वाचक विचारतील, हे भारतात झालं असतं तर? 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 वाचलं तर वाटतं की व्यवसायावर बंधन घालणारा कोणताही करार इथे रद्दच आहे. प्रत्यक्षात न्यायालयांनी एक रेघ ओढली आहे. करार चालू असतानाचं बंधन चालतं, संपल्यानंतरचं चालत नाही. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यातून पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून दुसऱ्या कारखान्यात गेलेल्या तंत्रज्ञाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये बंधन कायम ठेवलं. उलट श्रीरामपूरच्या झहीर खानच्या जाहिरातींचा करार संपल्यावरही पहिला हक्क आपलाच, असं म्हणणाऱ्या कंपनीला 2006 मध्ये नकार मिळाला. या रेघेवर ठेवून पाहिलं तर जॉर्जचा करार चालू मुदतीतला होता. इथेही त्याची सुटका सोपी नव्हती.

हरल्यानंतर

निकालानंतर त्याने पत्रकारांसमोर आपली परिस्थिती व्यावसायिक गुलामगिरी असल्याचं सांगितलं. संगीत व्यवसायात कलावंताला राजीनामा ही गोष्टच नसते, हा त्याचा मुद्दा होता. ‘गुलामगिरी’ हा शब्द लोकांना खुपला. लाखो पौंड कमावणाऱ्याने तो वापरू नये असं अनेकांनी लिहिलं. शब्द अतिशयोक्त होताच. पण राजीनाम्याचा मुद्दा अचूक होता, आणि शब्दावरच्या गदारोळात तो बुडाला. त्याच महिन्यात ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने संगीत व्यवसायाची मोठी चौकशी पूर्ण करून अहवाल दिला आणि कंपन्यांना फारसा धक्का लागला नाही. तो उन्हाळा कंपन्यांचा होता.

खर्च काही दशलक्ष पौंडांत गेला आणि हरल्यामुळे सोनीच्या खर्चाचा बोजाही त्याच्यावर आला. त्याने अपील दाखल केलं आणि सोनीसाठी पुन्हा गाणार नाही असं जाहीर केलं. इथे कंपनीची अडचण दिसते. करार जिंकता येतो, पण माणसाला स्टुडिओत उभं करून गायला लावता येत नाही. कोणतंच न्यायालय तसा हुकूम देत नाही. न गाणारा गायक सांभाळून कंपनीला मिळणार काय? त्यामुळे जिंकलेली सोनीही वाटाघाटीला बसली.

नोव्हेंबर 1994 मध्ये बर्लिनच्या ब्रँडेनबर्ग गेटसमोर एमटीव्हीच्या पहिल्या युरोपीय पुरस्कार सोहळ्यात त्याने एक नवं गाणं गायलं, ‘जीझस टू अ चाइल्ड’. अन्सेल्मोसाठी लिहिलेलं. ते तेव्हा तबकडीवर येऊ शकत नव्हतं, पण हा माणूस आटलेला नाही हे सगळ्या कंपन्यांना ऐकू गेलं.

जुलै 1995 मध्ये सौदा झाला. अमेरिकेत ड्रीमवर्क्स आणि बाकी जगात व्हर्जिन यांनी त्याला सोनीकडून सोडवून घेतलं. वर्तमानपत्रांत 4 कोटी डॉलरच्या आसपासचा आकडा छापून आला. शिवाय पुढच्या रेकॉर्डच्या विक्रीत सोनीला हिस्सा आणि निवडक गाण्यांचा एक संग्रह काढण्याचा हक्क. जी सुटका न्यायमूर्तींनी नाकारली ती वर्षभरात दोन कंपन्यांच्या चेकबुकाने मिळाली.

मे 1996 मध्ये ‘ओल्डर’ आला. सहा वर्षं गेली होती. सत्ताविसाव्या वर्षापासून बत्तिसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे गळा सर्वांत तयार असताना, त्याचा एकही पूर्ण अल्बम नाही. या प्रकरणातली मला सर्वांत लागणारी गोष्ट ही आहे. ‘ओल्डर’ देखणा आहे, संथ, धीम्या आवाजातला, शोक पचवलेला. ब्रिटनमध्ये त्यातल्या सहा सिंगल पहिल्या तिनांत गेल्या. अमेरिकेत मात्र श्रोता परतला नाही. ड्रीमवर्क्सचं लेबल नवं होतं, अमेरिकन रेडिओ बदलला होता, आणि सहा वर्षं समोर नसलेल्या पॉप गायकासाठी तिथे कुणी जागा राखून ठेवत नाही. ‘फेथ’चा देश त्याला पुन्हा तसा कधीच मिळाला नाही.

1998 मध्ये सोनीने आपल्या हक्काचा संग्रह काढला, ‘लेडीज अँड जंटलमेन’. तो प्रचंड खपला. मग 2003 मध्ये जॉर्ज मायकल स्वतःच्या पायांनी सोनीकडे परत गेला आणि 2004 मध्ये त्यांच्याकडून ‘पेशन्स’ आला. याला पुष्कळांनी शरणागती म्हटलं. मला ते तसं दिसत नाही. 1995 मध्ये तो करारातून सुटला होता, पण ‘फेथ’, ‘लिसन विदाउट प्रेज्युडिस’ आणि वॅमची ध्वनिमुद्रणं सोनीकडेच राहिली होती. चाळिशीतल्या गायकाला आपलं जुनं काम आणि नवं काम एका छताखाली हवं असेल तर दुसरी जागा नव्हती. 1988 च्या जुन्या हिशेबाने त्याचा करार फार तर त्याच सुमाराला संपला असता.

कागद अजून चालू आहे

इथे दोन हक्क वेगळे ओळखले पाहिजेत. एक गाण्याचा, म्हणजे शब्द आणि चालीचा. तो रचनाकाराचा. जॉर्ज स्वतः लिहीत असल्यामुळे त्या बाजूचं उत्पन्न त्याच्याकडे येत राहिलं आणि खटल्याच्या वर्षांत तो तग धरू शकला तो बराचसा त्यामुळेच. न लिहिणाऱ्या गायकाला सोनीशी असं तीन वर्षं भांडता आलं नसतं. दुसरा हक्क ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे त्या दिवशी त्या स्टुडिओत उमटलेल्या त्या आवाजाचा. तो कंपनीचा.

1984 च्या तडजोडीनंतर त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये एपिकवर ‘लास्ट ख्रिसमस’ निघालं. त्या वेळच्या कमाईचा वाटा इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांना गेला. जॉर्ज मायकल 25 डिसेंबर 2016 रोजी, त्रेपन्नाव्या वर्षी गेला. ते गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पहिल्यांदा पोहोचलं जानेवारी 2021 मध्ये, आणि 2023 मध्ये ते नाताळच्या आठवड्याचं अव्वल गाणं झालं. ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत 2013 पासून 50 वरून 70 वर्षांची झाली आहे. त्यातच एक कलम असं आहे की 50 वर्षांनंतर कंपनी एखादं मुद्रण पुरेशा प्रमाणात बाजारात ठेवत नसेल तर कलावंत ते परत मागू शकतो. ‘लास्ट ख्रिसमस’ला ही 50 वर्षं 2034 मध्ये पुरी होतील. दर डिसेंबरात जगभर वाजणाऱ्या गाण्याच्या बाबतीत हे कलम वारसांच्या काही कामाचं नाही, आणि ब्रिटनमध्ये ते मुद्रण 2054 च्या अखेरपर्यंत कंपनीकडे राहील.